रमाआत्या आणि ‘प्रकाशित करा’

माझी आत्या, रमाबाई ढोके, दिल्लीतल्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाली. निरोप समारंभात तिचे साहेब म्हणाले, या बाईंच्या ड्राफ्टवर मला कधी पेन चालवावं लागलं नाही, थेट सही करायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या घरी आली, पंख्याखाली बसली आणि मला म्हणाली, “मैत्री, म्हणजे बघ, अख्खी नोकरी मी लिहिलं आणि सही केली दुसऱ्यांनी. माझ्या नावाचा एक कागद बाहेर पडला नाही. आता एक तरी गोष्ट मला माझ्या नावाने बाहेर काढायची आहे.”

मी तिची भाची. मयूर विहारला तिच्याच फ्लॅटमध्ये राहते आणि नोएडाच्या एका एजन्सीत वेब डिझाइन करते. स्वभावाने तिरसट आहे, हे आधीच सांगते. कोणी मला “लोगो जरा मोठा करा” म्हटलं की माझा दिवस खराब होतो. त्यामुळे आमच्या विदर्भ मित्र परिवाराने जेव्हा ठरवलं की दरवर्षी गावाकडून दिल्लीत शिकायला येणाऱ्या पोरापोरींसाठी एक वेबसाइट करायची, आणि डिझाइन माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी पहिली अट घातली की मजकूर एकाच माणसाकडून येईल. सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आत्या अशी खूश झाली की घरी येताना मेट्रोत तिने दोनदा आमचं स्टेशन आलं असं समजून उठायची घाई केली.

साइट ज्यावर चालणार होती ते वर्डप्रेस आत्याला शिकवायला मी रविवारचा दिवस काढला होता. वाटलं होतं, डोकं फिरणार. तिने हट्टाने सगळं मराठीत लावून घेतलं आणि पडदा वाचता वाचता तिचा चेहरा उजळला.

“मसुदा. पुनरावलोकनासाठी सादर करा. प्रलंबित. प्रकाशित.” ती चष्मा वर सरकवून म्हणाली, “अगं, हे तर आमचंच ऑफिस आहे. आणि हे आवृत्त्या म्हणजे काय?”

“प्रत्येक वेळी काय बदललंस ते इथे राहतं. जुनं परत आणता येतं.”

“म्हणजे छापून गेल्यावरही चूक सुधारता येते? शुद्धिपत्रक काढावं लागत नाही?”

“अपडेट दाबायचं, संपलं.”

तिने आवृत्त्यांची यादी वरखाली सरकवून पाहिली. मग म्हणाली, “यार, हे आम्हाला आधी कोणी का नाही दिलं?” आत्याच्या तोंडून ‘यार’ मी पहिल्यांदा ऐकला.

पुढचे दिवस घरात नुसती धमाल होती. मी संध्याकाळी फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पानं आखत बसायची आणि ती शेजारी खुर्ची ओढून माझं काम तपासायची. शीर्षकासाठी मी निवडलेल्या फॉन्टमध्ये वेलांट्यांची डोकी वरून कापली जात होती. ते मला आधी दिसलंच नाही, तिला दिसलं. ओळींमधलं अंतर वाढवलं तेव्हा कुठे ‘दिल्लीत’ आणि ‘विद्यार्थी’ हे शब्द धड उभे राहिले. पण तिला वर एक सरकती पट्टी हवी होती आणि प्रत्येक नव्या लेखापुढे लाल, लुकलुकणारं ‘नवीन’. सरकारी वेबसाइटवर असतं तसं. मी म्हटलं, मी मेल्यावर. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं, आणि शेवटी लुकलुकणं गेलं पण लाल राहिलं. आता खरं सांगायचं तर ते लाल बरं दिसतं, पण तिला सांगू नका.

मग भूमिका ठरवायची वेळ आली. अशा साइटवर प्रत्येकाला अधिकार वाटून द्यावे लागतात: कोणी फक्त लिहू शकतो, कोणी दुसऱ्याचं लिहिलेलं बदलू शकतो, कोणी प्रकाशित करू शकतो. मी तिला सगळे अधिकार देणार होते. तिने यादी नीट वाचली आणि स्वतःसाठी सगळ्यात खालची भूमिका निवडली. लिहायचं आणि सादर करायचं, बस. प्रकाशित करायचा अधिकार तिने परिवाराचे अध्यक्ष विनयजी देशकर यांना द्यायला लावला.

“आत्या, त्यांना मोबाइलवर फोटो उलटा झाला तर सरळ करता येत नाही.”

“अध्यक्ष आहेत ते. वरून मंजुरी आल्याशिवाय काही बाहेर जात नसतं, बेटा.”

मी हात टेकले. म्हणजे स्वतःच्या नावाने काही बाहेर काढायचं स्वप्न, आणि पहिल्याच पायरीवर हिने सहीचं पेन दुसऱ्याच्या हातात दिलं. पण तिचा उत्साह असा होता की मला भांडवेना.

तिने भराभर लेख लिहिले. मेट्रो कार्ड कुठे रिचार्ज करायचं, थंडीत अंघोळीला पाणी कसं तापवायचं, पोहे कुठे मिळतात, मुनिरक्यात खोली शोधायला कोणत्या वेळी जायचं. प्रत्येक लेख सादर झाला आणि प्रत्येक प्रलंबित राहिला, कारण विनयजी साइट उघडतच नव्हते. आत्या त्यांना व्हॉट्सअपवर मजकूर पाठवायची आणि खाली अदबीने लिहायची, “स्मरणपत्र सादर.” उत्तर यायचं, नमस्काराचे जोडलेले हात.

एक लेख मात्र तिने बराच वेळ घेऊन लिहिला. त्याचं शीर्षक होतं, ‘आडनाव विचारलं तर’. आत्या नोकरी लागून दिल्लीत आली तेव्हा एका गल्लीत तिची खोली पक्की झाली होती, पेटीसुद्धा आत ठेवली होती. मग घरमालकिणीने पूरा नाम विचारला, मग गाव, मग “आप लोग कौन हो”. आत्याने खरं सांगितलं. संध्याकाळी पेटी बाहेर होती. ही गोष्ट मी घरात कधीच ऐकली नव्हती. मी ती पहिल्यांदा तिच्या मसुद्यात वाचली, आणि वाचताना माझे डोळे भरून आले. पुढे तिने लिहिलं होतं की नंतर मुनिरक्यात कल्पना भाभींनी खोली दिली, आणि त्यांनी फक्त एवढंच विचारलं की पानी सवेरे भरोगी या शाम को. शेवटी दोन ओळी होत्या: “आडनाव ऐकून कोणी खोली नाकारली तर ती तुमची चूक नाही. तिथे उभं राहून रडू नका, मला फोन करा.” खाली तिचा नंबर.

“हा सगळ्यात आधी गेला पाहिजे,” मी म्हटलं.

“सादर केलाय,” ती म्हणाली.

तोवर कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले. परिवाराच्या ग्रुपवर रोज कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी पुतणी निघाल्याचे मेसेज येत होते, आणि आमची देखणी वेबसाइट रिकामी होती. वर मेनू, मध्ये पांढरं. एका दुपारी माझा संयम संपला. मी म्हटलं, “आत्या, पोरं पोचली की मग प्रकाशित करणार का? आत्ता फोन लाव.” तिने लावला आणि स्पीकरवर ठेवला.

विनयजी आधी इकडचं तिकडचं बोलले. मग हळू आवाजात म्हणाले, “ढोकेताई, खरं सांगू का, तो पासवर्ड मला पहिल्या दिवसापासून लागलाच नाही. विचारायची लाज वाटली. तुम्हीच करून टाका सगळं.”

मी तोंडावर उशी धरून हसले. आत्या हसली नाही. तिने विचारलं, “आणि आडनावाचा लेख?”

“तो तेवढा राहू द्या. वाचला मी, चांगला आहे. पण वाद होतील, घरमालक चिडतील. परिवाराच्या नावावर नको. अशा गोष्टीची जबाबदारी कोण घेणार?”

मला वाटलं, आता ही “ठीक आहे साहेब” म्हणणार. ती म्हणाली, “मी घेते. खाली माझं नाव टाकते.”

“मग तुमची मर्जी,” विनयजी म्हणाले, आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. “मैत्री, ते सगळे अधिकारवालं काय असतं, ते मला दे.”

मी दिलं. तिच्या पडद्यावर ‘सादर करा’ गेलं आणि त्या जागी निळं ‘प्रकाशित करा’ आलं. तिने साडीला हात पुसले, जणू स्वयंपाकघरातून आली आहे, आणि दाबलं. वर्डप्रेसचा स्वभाव असा की ते एकदा दाबलं की पुन्हा विचारतं, नक्की ना? तिने पुन्हा दाबलं.

आम्ही दोघींनी माझ्या मोबाइलवर लेख उघडला. वेलांट्या शाबूत, ओळी मोकळ्या, बाजूला ते लाल ‘नवीन’. आणि शीर्षकाखाली लिहिलं होतं, ‘लेखक: कक्ष अधिकारी (मजकूर)’.

“हे काय आहे?”

“खातं उघडताना मीच भरलं होतं,” ती ओशाळून म्हणाली. “माणूस बदलतो ना, पद राहतं.”

“आत्या, तू रिटायर झालीस.”

ती प्रोफाइलमध्ये गेली. खोडलं. एकेक अक्षर टाइप केलं, रमाबाई ढोके, आणि अपडेट दाबलं. मी मोबाइलवर पान ताजं केलं, आणि ते नाव तिथे आलं तेव्हा मी तिला मिठी मारली. ती माझा मोबाइल धरून नुसती बघत राहिली, मग तिने तो लेख ग्रुपवर टाकला आणि बाकीचे लेखही एकामागून एक सोडले. मटार सोलावेत तसे. मधे एकदा थांबून तिने पोह्यांच्या दुकानाची वेळ दुरुस्त केली आणि शुद्धिपत्रक काढावं लागलं नाही म्हणून पुन्हा खूश झाली.

त्याच आठवड्यात आम्ही जेवायला बसलो असताना तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने स्पीकर लावला. पलीकडे गाड्यांचा आवाज होता आणि एक मुलगी, वऱ्हाडातली, भरभर बोलत होती.

“मॅडम, मी यवतमाळची. खोली ठरली होती, आत्ता आत्ता नाही म्हणाले. मला तो लेख कोणी पाठवला होता. त्याच्या खाली ज्यांचं नाव आहे, त्यांच्याशी बोलायचं होतं.”

आत्याने सवयीने मागे वळून बघितलं, फोन द्यायला तिथे कोणी साहेब बसले असावेत तसं. मागे फक्त फ्रिज होता.

“बोल बेटा,” ती म्हणाली, ताटावरून उठली आणि चपला शोधू लागली. “तो लेख मी लिहिलाय. कुठे उभी आहेस, सांग.”