लॅडलचं चित्र

माझे आप्पा उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका फौंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे. आमच्या हिंडलगा गावाहून मोटारसायकलवर जातात. त्यांच्या फौंड्रीपासून दोन गल्ल्या पलीकडं एका लहानशा सॉफ्टवेअर ऑफिसात मला नोकरी लागली. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या फौंड्रीचं काम आमच्याकडं आलं.

फौंड्रीत कामाच्या जागी एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर कामगारांनी स्वतः नोंद करायची: साचा तयार, भट्टी चालू, ओतकाम झालं, माल खराब. बटणांची नावं कुठल्या भाषेत लिहायची, इथंच अडलं. मॅनेजर कन्नड म्हणाले, मोल्डिंगवाले मराठी म्हणाले, भट्टीवरची माणसं हिंदीवाली. कोअर शॉपमधल्या, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करणाऱ्या बायका तिन्ही भाषा बोलायच्या, पण त्यांतल्या काहींना एकही वाचता येत नव्हती. शेवटी ठरलं, अक्षरं नकोतच, चार आयकॉन करायचे. ते काम माझ्याकडं आलं.

मी मोबाइलवर साच्याचे, भट्टीचे फोटो काढले, नेटवरच्या एका फुकट साइटवर टाकले आणि आयकॉनच्या फाइली करून घेतल्या. अर्ध्या तासात काम संपलं म्हणून खूश होते. आठवड्याभरात मॅनेजरांचा फोन आला. चांगल्या ओतकामाच्या नोंदी 'माल खराब'मध्ये पडत होत्या. जाऊन बघितलं तर धुळकट स्क्रीनवर चार पांढरे चौकोन आणि प्रत्येकात एक काळा डाग. साइटनं एकच मोठं चित्र फाइलीत भरलं होतं, ते आक्रसून त्याचा चिखल झाला होता. आप्पा तिथंच साच्यात वाळू ठोकत होते. त्यांच्यासमोर मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातून निघताना आप्पा म्हणाले, "कागदावर बारकी चित्रं काढून आण. जेवणाच्या सुट्टीत दाखवू सगळ्यांना."

मी पोस्टाच्या तिकिटाएवढी चित्रं काढून नेली. कोअर शॉपमधल्या एक आक्का खानापूरकडच्या होत्या. शाळेत कधी गेल्या नव्हत्या. त्यांच्यासमोर मी लॅडलचं, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्याचं चित्र धरलं.

"आक्का, हे काय आहे?"

"चहाचं भांडं न्हवं?"

सगळे हसले, मीही हसले. "मग लॅडल कसं ओळखू येईल?"

"नुसतं ठेवलेलं लॅडल कोण बघतंय गं? वतताना काढ की. धार दिसली की कळतंय."

भट्टीचं दार उघडं हवं, खराब मालाला मधोमध चीर हवी, हेही त्यांनीच सांगितलं. आप्पा शेजारी भाकरी खात ऐकत होते.

ऑफिसात येऊन मी फोटो बाजूला ठेवले आणि चौकटीच्या जाळ्यात एकेक चौकोन रंगवत चित्रं नव्यानं काढली. मोठं चित्र लहान केलं की लोखंडाची धार नाहीशी व्हायची. म्हणून प्रत्येक मापाचं चित्र वेगळं काढलं. सर्वांत लहानात सोळा चौकोन आडवे आणि सोळा उभे, एवढीच जागा. त्यात धारेला दोनच चौकोन मिळाले, ते मी भडक नारिंगी केले. मागचा पांढरा रंग काढून टाकला आणि सगळी मापं एकाच फाइलीत बसवली. दोन दिवस लागले. चार चित्रांना दोन दिवस, म्हणून आमच्या ऑफिसचे साहेब कुरकुरले.

तिसऱ्या दिवशी मी फौंड्रीतल्या कॉम्प्युटरवर नवे आयकॉन चढवून बाजूला उभी राहिले. ओतकाम आटोपल्यावर आक्का आल्या, पदराला हात पुसले आणि कुणाला न विचारता नारिंगी धारेवर माउस नेऊन दाबलं. मॅनेजरांनी वाकून नोंद बघितली. बरोबर होती. भट्टीवरच्या माणसांच्याही बरोबर आल्या. तेवढ्यात मागून आप्पांचा आवाज आला. शेजारच्या मोल्डरला सांगत होते, "ती चित्रं आमच्या पोरीनं काढल्यात." मला ऐकू जावं म्हणून नव्हे. मी तिथं उभी आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

महिन्याभरानं समोरच्या कारखान्याचे मालक ती चित्रं बघायला आले आणि कुणी काढली म्हणून विचारू लागले. आप्पांनी हात धुतले, टोपी नीट केली आणि त्यांना घेऊन दोन गल्ल्या चालत आमच्या ऑफिसात आले. मला नोकरी लागल्यापासून आप्पा तिथं कधी आले नव्हते. दारातच थांबून साहेबांना म्हणाले, "आमच्या पोरीकडं काम हाय, साहेब."

मी उठून त्यांना माझी खुर्ची दिली.