शिक्षण नानाकाकांच्या यादीत

नानाकाका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कॉलेजात तास घेत होते. खडू हातातच राहिला... महिना उलटला, तरी रविवार आला की पाय त्यांच्या घराकडे वळतात आणि अर्ध्या वाटेत आठवतं, आता तिथं कोण आहे?

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. औरंगाबादला शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. वडील, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, पडेगावला शेती बघायचे. काकांनी निजामाची राजवट पाहिलेली. एका फर्मानानं माणसाचं होत्याचं नव्हतं कसं व्हायचं, ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. म्हणून पोलीस अ‍ॅक्शनमध्ये ती राजवट संपून राज्यघटना आली तेव्हा त्यांचा जीव जडला तो तिच्यातल्या तीन याद्यांवर. एक केंद्राची, एक राज्याची आणि एक दोघांची मिळून. सत्ता वाटलेली बरी, म्हणायचे. तीच वाटणी त्यांनी घरात आणली. थोरले म्हणून दादा केंद्र, काका राज्य. मुलांचं शिक्षण काकांकडे. लग्नकार्य दोघांचं, पण मतभेद झाला तर शब्द केंद्राचा. खऱ्या घटनेत शेतीही राज्याकडे आहे, पण दादा ती सोडतात कसले! "तेवढी घटनादुरुस्ती," काका हसून म्हणायचे. घरात कसलाही वाद निघाला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "हा विषय कुणाचा?"

मी मॅट्रिक झाले आणि दादांनी माझं लग्न ठरवलं. मला पुढं शिकायचं होतं. काका आपल्या वेताच्या खुर्चीत बसलेले, दादा समोर उभे.

"लगीन दोघांचं हाय. अन् दोघांच्यात माझं चालतं. तूच शिकवलंस ना, नाना?"

मला वाटलं, संपलं सगळं... मग काका हळूच म्हणाले, "दादा, लग्नात तुमचंच चालेल. पण पोरगी अजून शिकतेय, आणि शिक्षण माझ्या यादीत आहे. ते संपलं की तुमचा विषय सुरू."

दादा पाय आपटत निघून गेले, पण त्यांनी वाटणी मोडली नाही. एम.ए. होईपर्यंत माझ्या लग्नाचं नाव कुणी काढलं नाही.

आणीबाणीत शिक्षण राज्याच्या यादीतून काढून दोघांच्या यादीत टाकलं. त्या दिवशी काका पेपर मांडीवर ठेवून बसून होते, चहा निवून गेला. "पोरी, दादा आज भांडले असते तर मी हरलो असतो," म्हणाले. त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हाच काय ते पाहिले.

परवा रविवारी काकांच्या घरी सगळे जमलो होतो. माझ्या मुलीला पुण्याला शिकायला जायचंय आणि माझे यजमान राजी नाहीत. ते दादांना म्हणाले, "तुम्ही थोरले, तुम्हीच सांगा तिला." वेताची खुर्ची अजून खिडकीशीच आहे, तिच्यात कुणी बसत नाही. दादांनी त्या खुर्चीकडे पाहिलं.

"मला नका इचारू, जावईबापू. शिक्षण नानाच्या यादीत हाय. पोरीची बॅग भरा."