वाढायला कुणाला विचारायचं?

चेअरमनसाहेबांनी निवृत्तीच्या हातात नारळ दिला. त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला. मग माझं नाव पुकारलं आणि माझा नारळ फरशीवर ठेवला.

कोपरगावकडचा साखर कारखाना. दुष्काळाचं वर्ष. गाळपाआधी बॉयलर पेटवायचा, पूजा करायची आणि ठेकेदारांना मानाचा नारळ द्यायचा, ही कारखान्याची रीत. निवृत्ती रंगकामाचा ठेकेदार. मी सफाईचा. उसाचा रस आटवायच्या मोठ्या भांड्यांत उभ्या नळ्या असतात. त्यांच्या आत दगडासारखा थर बसतो. भांड्यात उतरायचं आणि सळईला ब्रश लावून तो खरवडायचा. एका भांड्याचं हे काम माझ्याकडं आणि माझ्या चार माणसांकडं होतं. आम्ही बौद्ध. धर्म बदलून बरीच वर्षं झाली होती. नारळ खाली ठेवणाऱ्या हाताला ते कळलं नव्हतं.

पूजा माझी नव्हती. मान मात्र मला हवा होता.

स्टोअरकीपर म्हणाला, "उचल की रं. लोकं खोळंबल्यात."

"हातात द्या."

"लई शाना झाला व्हय? आता काय फेटा बांधू तुला?"

मागं कुणीतरी हसलं. मी नारळ तिथंच ठेवून बाहेर आलो.

असला अपमान नवा नव्हता. त्या दिवशी जळलं ते वेगळं. मी निवृत्तीकडं पाहत होतो. आम्ही एका शाळेतले. तो आत बसायचा, मी दाराशी. तो कारखान्यात आला तेव्हा त्याच्याकडं धड माणसंही नव्हती. गेटला रंग दिला. पुढच्या हंगामात साहेबच म्हणाले, माणसं वाढव, चिमणी रंगवायला घे. झेपेल का, हे त्याला कुणी विचारलं नाही. मी दर हंगामाला म्हणायचो, सगळी भांडी द्या, माणसं वाढवतो. उत्तर ठरलेलं. "आहे ते नीट कर."

मला त्याच्या टॉवेलचा हेवा वाटला. त्याच्या स्वच्छ नखांचा. कचेरीत त्याच्यासाठी पुढं सरकणाऱ्या खुर्चीचा. तो वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं. तो वाईट नव्हता.

काही दिवसांनी तो वस्तीवर आला. सायकल रस्त्यावरच धरून उभा राहिला.

"सगळ्या भांड्यांची सफाई साहेबांनी मला दिली," तो म्हणाला. "तू मुकादम हो. मानसं तुझी, काम तुझं. कागदावर नाव तेवढं माझं."

"तू कधी भांड्यात उतरलायस?"

"मला कशाला उतराया लागतंय? तू हायस ना." तो मनापासून हसला. "अरं, आपन एका वर्गातले."

"मी तुझ्या हाताखाली येनार न्हाई. माझी मानसंबी येनार न्हाईत."

"मग खाशील काय? औंदा ऊस कुठंय?"

संध्याकाळी बायकोही तेच म्हणाली. "औंदा नगं. दुष्काळ जाऊ द्या, मंग वाढवा."

तिचा हिशेब बरोबर होता. ऊस कमी, हंगाम आखूड. पण मी सुकाळातही थांबलो होतो. माझं काम त्यांना दिसेल म्हणून थांबलो. साहेब आपणहून बोलतील म्हणून थांबलो. मी त्याला धीर म्हणत होतो. ती मला लावलेली सवय होती.

सकाळी दुष्काळी कामावर गेलो. तिथं पाथर्डीकडची माणसं खडी फोडत होती. त्यांना यंदा ऊसतोडीचं बोलावणं आलं नव्हतं. मी सांगितलं, नळ्या खरवडायच्या आहेत, आत उकडतं, श्वास कोंडतो.

"कारखाना कंचा?" एकानं विचारलं.

"अजून न्हाई ठरला. माझ्या नावावर काम देईल तो."

"म्हंजी कामाचा पत्ता न्हाई आन् मानसं आधी?"

"व्हय. मानसं आधी."

तो हसला, पण हातोडा खाली ठेवून उठला. त्याच्यामागं आणखी काही जण उठले.

निवृत्तीवरचा माझा जळफळाट गेला नाही. मी तो घालवणारही नाही. ज्या कारखान्यात जाईन तिथं कागदावर माझं नाव लागेल. नाही लागलं तर माझ्या टोळीतला एकही माणूस भांड्यात उतरणार नाही. मग तुंबू देत नळ्या.