पुस्तकात ती उठते

माझ्या वडिलांकडे कव्हर फाटलेलं एक जुनं पुस्तक होतं. त्यातली तारा काचेच्या पेटीत झोपून मंगळावर जाते आणि पोचल्यावर उठते. आता त्याचा सिनेमा आलाय. आज दवाखान्यात, ऑपरेशनला नेईपर्यंत, मी आणि माझी मनू मोबाइलवर तो बघत बसलो.

पेटी अगदी पुस्तकातल्यासारखीच, पितळेच्या कडीची. शेजारच्या खाटेवरच्या मावशी हसल्या, "असल्या पेटीतून कोण जातं गं मंगळावर?" मला मात्र बरं वाटलं, मी सातवीपर्यंतच शिकले, मला यंत्रातलं काही कळत नाही, पण जुनं जसंच्या तसं ठेवलं की पुढचं ठाऊक असतं, दमलेल्या जीवाला टेकायला जागा मिळते.

तेवढ्यात सिस्टर मनूला न्यायला आल्या.

"आई, ती उठते ना?"

"पुस्तकात उठते."

"मग सिनेमात बघून ठेव. मी उठल्यावर सांग."

ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं. मोबाइलवर पेटीचं झाकण अजून बंदच होतं. सिनेमावाले शेवट बदलतात म्हणे. मी घाबरून तो मध्येच थांबवला आणि पुस्तकातलं एकेक वाक्य आठवत दाराकडे बघत बसले.