चंद्राला सात दिवस पाणी

त्याला आम्ही सगळे ओळंबा म्हणायचो. पेशाने गवंडी, आणि खिशात कायम ओळंब्याची दोरी. कुणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी दोरी सोडून भिंत तपासणार आणि तिरकी निघाली तर यजमानाला तोंडावर सांगणार. त्यामुळे त्याला फारशी आमंत्रणं येत नसत.

आमच्या देशाने चंद्रावर पहिलं पाऊल ठेवलं ते शहराबाहेरच्या एका गोदामात. आकाशाचा काळा रंग माझा, खालची जमीन ओळंब्याची. खड्डे त्याने असे जीव ओतून केले की खऱ्या चंद्राने लाजावं. पण सिमेंटवर सात दिवस पाणी मारायचं, नाहीतर तडे जातात, हे त्याच्या हाडात भिनलेलं. चित्रीकरणाच्या सकाळी सगळे चहाला गेले तेव्हा हा बादली घेऊन चंद्रावर चढला आणि पाणी मारून आला.

टीव्हीवर ओला डाग स्पष्ट दिसला. चंद्रावर पाणी सापडलं म्हणून तज्ज्ञांनी डंका पिटला, मोहीम चालवणाऱ्या साहेबांना बढती मिळाली, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

वर्षभरात आमचं हसू आटलं. ते पाणी बघायला आता खरं यान निघालं. साहेबांना स्वतःचा पुतळा चंद्रावर बसवायचा होता. त्याने वजन वाढलं, म्हणून मुक्कामाच्या सात दिवसांचं पिण्याचं पाणी खाली उतरवलं. “तिथं आहेच की!” साहेब म्हणाले. भिंतीवर तीन सन्मानपत्रं लागल्यावर त्यांनाही ते खरंच वाटू लागलं होतं. यानात एकच माणूस जाणार होतं: अंतराळवीर झालेली ओळंब्याची लेक.

ओळंब्याने तिला स्वयंपाकघरात गाठलं. मी तिथेच होतो.

“पोरी, ते पाणी माझ्या बादलीतलं आहे.”

“माहीत आहे, बाबा. डाग बघताच ओळखलं. तुमचं पाणी कोपऱ्यापर्यंत कधी पोचत नाही, आई जन्मभर ओरडायची.”

“मग नाही म्हण ना!”

“मी नाही म्हटलं की दुसऱ्या कुणाला पाठवतील. त्या बिचाऱ्याला तुमचा हात कुठला ओळखायला येणार? मी जाते. पाण्याचं तुम्ही बघा.”

दुसऱ्या दिवसापासून ओळंबा साहेबांच्या दाराशी बसला. खरं सांगितलं, तर असं काही झालंच नाही म्हणाले. हाकललं, तर परत आला. अकरा दिवस! मला इतका संताप आला की उरलेला काळा रंग साहेबांच्या डोक्यावर ओतावासा वाटला. ओळंबा मात्र ढिम्म हलला नाही. बाराव्या दिवशी तो आत गेला आणि गरीब चेहऱ्याने म्हणाला, “साहेब, पाणी आहेच, मी कुठे नाही म्हणतो? पण ते गेल्या वर्षीचं. आता सुकलं असेल. पोरीने कॅमेरा लावला आणि जमीन कोरडी दिसली तर?”

साहेबांचा चेहरा पडला. “मग काय करायचं?”

“थोडं बरोबर देऊ. पोचली की मारेल.”

“एक बादली पुरे?”

“सात दिवस मारावं लागतं, साहेब. कमी पडलं आणि चंद्राला तडे गेले, तर मी जबाबदार नाही.”

तड्यांचं नाव काढताच साहेब हबकले. सही झाली. पिंपांवर चिठ्ठ्या लागल्या: ‘फक्त जमिनीवर मारण्यासाठी’. वजन जुळवायला पुतळा खाली राहिला.

यान उतरलं त्या दुपारी आम्ही ओळंब्याच्या घरी टीव्हीसमोर होतो. तो दोरी मुठीत आवळून बसला होता. यानाच्या आत, कॅमेऱ्यासमोर लेकीने पिंप उघडलं, चिठ्ठी सगळ्यांना वाचता येईल अशी फिरवली, पेला भरला आणि ती घटाघटा प्यायली.

“जमिनीवर! जमिनीवर मारा!” नियंत्रण कक्षातून साहेब ओरडत होते.

“जमीन कोरडी ठणठणीत आहे, साहेब,” ती म्हणाली आणि तिने कॅमेरा खिडकीकडे वळवला. आम्ही बघितलं, जगाने बघितलं. मग तिने तो पुन्हा स्वतःकडे घेतला.

“बाबा, या वेळी पाणी कोपऱ्यापर्यंत पोचलं.”

ओळंब्याच्या हातातली दोरी सुटली. तीस वर्षांत मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं.