एकाच भाषेची दुभाषी

माझी धाकटी आत्या दुभाषी होती. नदीच्या अलीकडे आमचा देश, पलीकडे दुसरा, आणि बोलणं दोन्हीकडे एकच. पण एके वर्षी पलीकडच्या सरकारने जाहीर केलं, की त्यांची भाषा वेगळी आहे. मग आमचं सरकार कसं मागे राहील? भाषा दोन झाल्यावर पुलावरच्या बैठकांना दुभाषी हवाच. आत्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाली होती. तिलाच नेमलं.

पलीकडचे साहेब विचारायचे, "नदीतला गाळ कधी काढणार?" आत्या आमच्या साहेबांकडे वळून सांगायची, "ते विचारतायत, नदीतला गाळ कधी काढणार." मग साहेब आत्ताच कळल्यासारखी मान हलवायचे. घरी येऊन आत्या नकला करायची आणि आम्ही पोट धरून हसायचो.

मग दोन देशांमधल्या फुटबॉल सामन्यात शेवटच्या मिनिटाच्या गोलवरून हाणामारी झाली आणि पूल बंद झाला. सात महिने. थोरली आत्या लग्न होऊन पलीकडे गेलेली. त्याच काळात तिला नात झाली आणि धाकटीचा जीव इकडे वरखाली व्हायला लागला.

अखेर बैठक ठरली. पुलाच्या मधोमध पत्र्याची खोली, लांब टेबल, दोन्ही बाजूंना फायलींचे गठ्ठे. तासभर गोलवरच घोळ चालला. शेवटी पलीकडच्या साहेबांचा तोल गेला. "तुम्हाला हरता येत नाही. रडके आहात नुसते."

आमचे साहेब लालबुंद झाले. पण नियमाप्रमाणे त्यांना अजून काही कळलेलंच नव्हतं. सगळे आत्याकडे बघायला लागले. तिने शांतपणे चष्मा पुसला.

"ते म्हणतायत, हरल्यावर किती वाईट वाटतं, ते त्यांनाही ठाऊक आहे."

"मी असं म्हटलंच नाही," पलीकडचे साहेब ताडकन उठले.

आत्याने विचारलं, "म्हणजे साहेब, तुम्हाला यांची भाषा येते?"

साहेब उभ्याचे खाली बसले. आमच्या साहेबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण खांदे हलायला लागले. ते बघून समोरच्यांनाही राहवेना. शिपायासकट अख्खी खोली हसत सुटली.

डोळे पुसत आमचे साहेब म्हणाले, "बाई, त्यांना सांगा, पूल उघडायला आमची हरकत नाही."

आत्या तोंड उघडणार, तोच समोरून आवाज आला, "कळलं, कळलं. आमचीही नाही."

गुरुवारी पूल उघडला. आत्या पहिल्याच गर्दीतून पलीकडे गेली. थोरली दारातच उभी होती. तिने धाकटीला आत नेऊन बसवलं आणि नातीला तिच्या मांडीवर ठेवलं. पोरगी जी झोपली, ती तीन तास. आत्याच्या पायाला मुंग्या आल्या, चहा गार झाला, तरी ती जागची हलली नाही.

"अगं, दे इकडे," थोरली म्हणाली.

"गप्प बस," धाकटी कुजबुजली, "उठेल ती."