भावासाठी लावलेला कौल

माझ्या धाकट्या भावाचं खरं वजन कळलं ते जेटीवरच्या मासळीच्या काट्यावर. घरातला काटा एकशेतीसच्या पुढे जात नव्हता आणि दवाखान्यातल्या काट्यावर चढायला तो लाजायचा. मासळीच्या काट्यावर मात्र आपणहून उभा राहिला. एकशे बावन्न किलो. खलाशी हसले, कुणीतरी लिलावाची बोलीही लावली, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. घरी येऊन मला सांगताना मात्र त्याला हसू आलं नाही.

तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. इंजिन असतं बोटीच्या पोटात, आणि तिथे उतरायला फळ्यांमध्ये एक चौकोनी तोंड ठेवलेलं असतं. त्यातून त्याला उतरता येईनासं झालं. मग तो वर प्लास्टिकच्या क्रेटवर बसून नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायचा आणि खालच्या माणसाला काय करायचं ते सांगायचा. असा कान अख्ख्या रत्नागिरीत दुसऱ्या कुणाला नव्हता. बहीण म्हणून थोडं वाढवून सांगत असेन, पण थोडंच.

साखर वाढलेली, गुडघे गेलेले, बोलता बोलता बसल्या जागी डोळा लागायचा. एक दिवस कुणाला न सांगता तो मुंबईला गेला आणि वजन कमी करण्याचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना भेटून, सगळ्या तपासण्या करून, तारीख घेऊनच परत आला. आम्हाला समजवायला त्याने ताटात एक केळं ठेवलं. जठराचा मोठा भाग काढून टाकतात, उरतं ते एवढंसं, असं म्हणाला. मग घासभर जेवणात पोट भरतं.

"आणि मंग मी परत खाली उतरन," तो म्हणाला. त्याला एवढंच हवं होतं.

मला मात्र धडकी भरली. आमचे वडील हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला चालत गेले होते आणि परत आले ते चादरीत गुंडाळून. पण भीती वाटते असं मी म्हटलं नाही. मी माझ्या नेहमीच्या तोंडाळपणाने म्हटलं, "चांगलं पोट कापून घ्यायचं कशाला? जरा तोंडाला कुलूप लाव की." त्याने कुलपं लावून पाहिली होती, बिचाऱ्याने. दोनदा वीस-वीस किलो उतरवले होते आणि दोन्ही वेळा ते सगळे पाहुण्यांना घेऊन परत आले होते. हा आजार आहे, नुसत्या निग्रहाने जात नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते डॉक्टरांचं दुकान चालवायचं बोलणं समजले.

आई म्हणाली, आधी देवाला विचारूया. आमच्याकडे मोठं काम कौल लावल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न सांगतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गावदेवीचं देऊळ टेकावर. जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढणं भावाला शक्यच नव्हतं. "ताई जाईल की," तो म्हणाला. त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता.

मी गेले. काय विचारायचं, असं गुरवाने विचारलं. वर येताना मी ते पक्कं करूनच आले होते. मी म्हटलं, "यंदा ऑपरेशन न करता थांबावं, असं असेल तर उजवी दे."

गुरव माझ्याकडे बघत राहिला. "लोकं कराचा काय म्हणून इचारतात. तुमी नको म्हणून इचारताव?"

"तसंच विचारा," मी म्हटलं.

उजवी पडली. डावी पडली असती तर मी प्रश्न फिरवून पुन्हा विचारला असता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

घरी येऊन सांगितलं, देवी थांबायला सांगते आहे. शब्दाशब्दाने पाहिलं तर खोटं नव्हतं. बऱ्याच वेळाने उठून भावाने मुंबईला फोन केला आणि तारीख सोडली. ऑपरेशनआधी घ्यायला दिलेल्या पावडरचा डबा आईने धुऊन त्यात कुळथाचं पीठ भरलं. त्या दुपारी मी सुरमई तळली आणि माझ्या हाताने त्याला वाढली. मला इतका आनंद झाला होता की आता त्याची लाज वाटते.

वर्ष उलटलं तसं त्याने विचारलं, "काय गो ताई, वर्ष झाला. परत लावूया काय कौल?" मी म्हटलं, गणपती होऊ देत. मग म्हटलं, शिमगा होऊ दे. पुढे त्याने विचारायचं सोडलं. हळूहळू क्रेटवर बसायलाही तो जेटीवर जायचा थांबला.

दुसऱ्या वर्षी साधी सर्दी छातीत उतरली आणि त्याला श्वास पुरेना. जेटीवरच्या सहा जणांनी त्याला गाडीत घातलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या वजनाखाली फुप्फुसं आणि हृदय कधीचीच थकली आहेत. वजन आधी उतरलं असतं तर, एवढं बोलून ते थांबले. तीन दिवस मी त्याच्या उशाशी होते. आत्ता सांगते, आत्ता सांगते म्हणत होते. मी देवीला काय विचारलं होतं ते त्याला कळायला हवं होतं. सांगायचा धीर झाला नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, "देवीन दोन वर्सा दिलान त्याला. कापला असता तर बापासारखा तवाच गेला असता." आणि मी मान हलवायची. तिच्या हाती तेवढाच आधार उरला होता. तो मी कुठल्या तोंडाने काढून घेणार?

यंदा आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन करायलाच हवं, असं डॉक्टर म्हणाले. आई म्हणाली, "तूच जा कौल लावायला. तुज्याशी देवी खरा बोलते."

मी गेले. या वेळी सरळ विचारलं, ऑपरेशन करावं असेल तर उजवी दे. डावी पडली. मी नमस्कार केला, उतरले आणि घरी येऊन आईला सांगितलं, देवी हो म्हणाली. ऑपरेशन होऊन पट्टी निघेपर्यंत मी जिवंत होते असं म्हणवत नाही.

पट्टी काढली तेव्हा आईने आधी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ पाहत राहिली. मग तिने माझं मनगट धरलं.

"किती वाळलीस गो! जेवत नायस काय?"

"जेवते की," मी म्हटलं.